नमो मारियाचा मागचा अर्धा

बायबल कॉलेज, चंदनसार, विरार (पूर्व)
८ जुलै २०२४

प्रिय आय,

प्रभूच्या नावात सलाम.

हाताने लिहायची सवय गेली आहे, अक्षराला हसू नकोस. इथं सोमवार ते शनिवार सगळ्यांचे फोन ऑफिसच्या कपाटात असतात. आणि तुला फोनवर ऐकू येत नाही ते वेगळंच. समोर माणूस असला की तू त्याच्या ओठांकडे बघून सगळं समजतेस, फोनला ओठ कुठून आणायचे? म्हणून पत्र. शिवाय आमचे जयवंत सर साक्ष कशी द्यावी हा विषय शिकवतात, त्यांचा नियमच आहे की प्रत्येकाने घरच्या एका माणसाला नेमाने पत्र लिहायचं. मी तुझं नाव दिलं. दुसरं आहे कोण मला.

इथलं सांगतो. अंधारातच घंटा होते. गच्चीवर पत्र्याची शेड आहे तेच चॅपेल. तिथं उपासना, मग हजेरी, मग झाडलोट. या आठवड्यात संडास धुवायची पाळी माझी आहे. आम्ही चाळीस जण, कोणी जव्हारचा, कोणी नगरचा. माझ्या खोलीत नवापूरचा मितेश आहे, त्याला आई नाही. मेसचं वरण इतकं पातळ की त्यात तोंड दिसतं. पण संध्याकाळी आम्ही गोल करून बसतो, ज्याच्या मनावर जे ओझं असेल ते त्याने सांगायचं, बाकीच्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. वसईच्या ऑफिसात चार वर्षं काढली, तिथं मला कोणी विचारलं नव्हतं की तुला काय होतंय.

मागच्या रविवारी मी दिवेलागणीच्या आधी निघालो म्हणून तू निरोपही नीट दिला नाहीस. आय, मी पळून गेलो नाही. रोझरीला हातात माळ धरून गप्प राहिलो असतो तर तुला लागलं असतं, आणि म्हटली असती तर मी देवाशी खोटं बोललो असतो. मारियेकडे विनंती करावी असं मला बायबलच्या वचनात कुठं सापडत नाही. जे सापडत नाही ते तोंडाने कसं म्हणू?

एक प्रश्न विचारतो, तो सगळ्यांनाच विचारायचा असतो. आज तुला मरण आलं तर तू कुठं जाशील, याची तुला खात्री आहे का? शांतपणे विचार करून लिही.

तुझा,
व्हिव्हियन


भुईगाव
१९ जुलै २०२४

व्हिव्हू पोरा,

पत्र पोचलं. पोस्टमन ते शेजारी प्रिस्काकाकीच्या घरी टाकून गेला, त्याला वाटलं या म्हातारीला आता कोण लिहिणार. तू संडास धुतोस ते मी प्रिस्काला वाचून दाखवलं. दोघी हसून हसून खोकलो. घरी होतास तेव्हा चहाचा कप कधी ओट्यावरून मोरीपर्यंत गेला नाही. चांगलं शिकवतायत हो तुझे सर. माझ्या होणाऱ्या सुनेचे आशीर्वाद त्यांना लागतील.

त्या बिनआईच्या पोराला एकदा घेऊन ये. वरणात तोंड बघून पोट भरत नाही.

आज मेले तर कुठं जाईन, विचारलंस. चर्चच्या मागे, तुझ्या पप्पांच्या शेजारी. जागा ठरलेली आहे. त्याच्या पुढचं देवाने बघायचं, सगळं मीच ठरवलं तर तो काय करेल? रागावू नकोस, मला असंच बोलता येतं.

आता माझं ऐक. पप्पा होते तेव्हा रोझरीतल्या प्रत्येक नमो मारियाचा पुढचा अर्धा मी म्हणायची आणि ते मागचा. ते गेल्यावर मागचा तू म्हणायचास. तू तिकडे पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलास तेव्हापासून दोन्ही अर्धे मीच म्हणते. एकटीने म्हटली तरी चालते, फादरांना विचारलं मी. पण इतक्या वर्षांची सवय आहे ना, पुढचा अर्धा झाला की मी थांबते. घरात कोणी नाही हे मग ध्यानात येतं, आणि मागचाही म्हणते. हल्ली ती पुरी होत नाही. पाचांतल्या दुसऱ्या रहस्यापर्यंत गेले की दम लागतो. पाय सुजलेत, चपला चढत नाहीत.

तू तुझं शिकणं सोड असं मी म्हणत नाही. शिक बाबा, देवाचंच शिकतोयस, दारूचा गुत्ता नाही काढलास. फक्त एक संध्याकाळ थांब. तुझा आवाज मला येणारच नाही. तुझे ओठ हलताना दिसले की मला पुरे आहे.

तुझी आय


चंदनसार
५ ऑगस्ट २०२४

प्रिय आय,

तुझ्या पत्राने आमच्या वर्गात काय झालं ते सांगितलंच पाहिजे. घरून आलेलं पत्र ऑफिसात जमा होतं. ते न फोडता सोमवारच्या तासाला न्यायचं आणि उभं राहून मोठ्याने वाचायचं, अशी इथली रीत आहे. आधी वाचलं तर माणूस स्वतःला नको असलेलं गाळतो, असं सर म्हणतात. मग वर्ग मिळून त्या माणसासाठी प्रार्थना करतो आणि उत्तर काय द्यावं ते ठरवतो.

सुनेच्या वाक्याला सगळे खूप हसले. मितेश तर रडला, त्याला कोणी घरी बोलवत नाही. सर म्हणाले, तुझी आई मनाने मोठी आहे. मला फार अभिमान वाटला.

रोझरीबद्दल बरीच चर्चा झाली. आय, तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हटल्याने देव जास्त ऐकतो असं नाही. दम लागत असेल तर ती म्हणूच नकोस. तुझ्या शब्दांत सरळ बोल त्याच्याशी, एका वाक्यात बोल. वर्गात एक जण म्हणाला की हा दम लागणं म्हणजे जुनं ओझं सोडायची खूणच असेल. आणि नुसते ओठ हलवून दाखवणं हे ढोंग होईल, त्यावर सगळ्यांचं एकमत झालं. तुला फसवलेलं तुलाही आवडणार नाही.

सरांनी मध्येच विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? मी म्हटलं, सर, तुम्ही आमच्या आयला ओळखत नाही, मला घरी थांबवायला ती पायसुद्धा सुजवून घेईल. वर्ग पुन्हा हसला. तुझ्यामुळे आमचा सोमवार छान जातो बघ.

तुझा,
व्हिव्हियन


भुईगाव
१४ ऑगस्ट २०२४

व्हिव्हियन,

मी तुला लिहिलं होतं. चाळीस जणांना नव्हतं लिहिलं.

माझे सुजलेले पाय तू परक्या माणसांसमोर उघडे टाकलेस. तुझ्या पप्पांसमोरसुद्धा मी पदर नीट केल्याशिवाय बसले नाही कधी. घरातलं असं चव्हाट्यावर मांडायचं हे तुला कोणी शिकवलं? मी तरी नाही. प्रिस्का म्हणते तुझ्या कॉलेजात येऊन चार शब्द सुनावते. मी तिला गप्प केलं. आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला.

डॉक्टरचं विचारणाऱ्या तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. पोटच्या पोराला सुचलं नाही ते त्यांना सुचलं.

यापुढे वर्गात वाचता येईल असंच लिहीन. केळीचे घड बरे आलेत. वाडीतलं बावखल पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलंय. शेजारच्या गाईला पाडा झाला. सगळ्या विद्यार्थ्यांना आशीर्वाद.

बायजा


चंदनसार
१६ सप्टेंबर २०२४

प्रिय आय,

तुला वाईट वाटलं त्याबद्दल माफ कर. पण इथं कोणी परकं नाही ग. ही सगळी मुलं तुझं नाव घेऊन रोज गुडघ्यावर येतात.

आणि तुझ्या पत्रात आम्हाला काय दिसलं सांगू? रोझरीचा एक शब्दही नव्हता. पहिल्यांदाच. वर्गात कोणीतरी म्हणालं, देव काम करतोय. मी त्या दिवशी जेवलोच नाही, आनंदाने. तू ती म्हणणं सोडलंस का? सोडलं असशील तर मला एका ओळीत कळव, मी साक्ष म्हणून चॅपेलमध्ये सांगेन.

सरांनी मात्र मान हलवली. म्हणाले, आई दुखावली आहे, गणपतीच्या सुट्टीत घरी जाऊन ये. निघणारही होतो. पण मितेश आणि आणखी काही जण म्हणाले, आता आईचं मन वळतंय तर उपास धरून तिच्यासाठी मध्यस्थीची प्रार्थना करू. म्हणून सुट्टीत आम्ही इथंच थांबलो. सबंध वेळ तुझ्याच नावाने प्रार्थना केली. घरी येऊन तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा हे चांगलं, असं मला वाटलं.

तुझा,
व्हिव्हियन


भुईगाव
१ ऑक्टोबर २०२४

व्हिव्हू,

होय, आता ती म्हणत नाही.

उपास करत जाऊ नकोस, तुला पित्त होतं. प्रिस्का वाडीला पाणी घालते. इथलं सगळं ठीक आहे. मुद्दाम येऊ नकोस, अभ्यास कर. लिहायला हात लवकर थकतो म्हणून एवढंच. वर्गाला नमस्कार.

आय


भुईगाव
९ ऑक्टोबर २०२४

व्हिव्हियन,

मी प्रिस्काकाकी लिहिते आहे. बायजाने मला शपथ घातली आहे की फोन करायचा नाही आणि माणूस पाठवायचा नाही. पत्राचं ती काही बोलली नाही, म्हणून पत्र.

तुझी आय तुला जे लिहिते ते वर्गासाठी लिहिते. खरं मी सांगते. तिचं हृदय थकलंय. पाणी पायांतून पोटात आणि पोटातून छातीत गेलंय. गणपतीत तिला दवाखान्यात ठेवलं होतं. तेव्हा ती दाराकडे बघून विचारत होती, सुट्टी आहे ना, व्हिव्हू येईल ना. तू तिच्यासाठी उपाशी बसला होतास हे पत्र आल्यावर कळलं. मी ते तिच्या हातातून घेऊन फेकणार होते, तिने उशीखाली ठेवलं. आता डॉक्टर म्हणतात घरीच बरं आहे. त्याचा अर्थ तुला कळायला शाळा नको.

रोझरी तिने सोडली असं तुला कळवलंन. सोडली नाही रे बाबा. तिला श्वास पुरत नाही. एक नमो मारिया म्हटली की घामाने भिजते. हा जपमाळेचा महिना, आळीतल्या सगळ्या बायका रोज संध्याकाळी तिच्याकडेच जमतात. पुढचा अर्धा मी म्हणते, मागचा सगळ्या मिळून म्हणतात. तिला ऐकू येत नाही, पुढच्या अर्ध्यापुरती ती माझ्या तोंडाकडे बघते. मागचा अर्धा सुरू झाला की दाराकडे बघते.

तुमचा वर्ग उंटावरून शेळ्या हाकतो. हेही वाचायचं असेल तर खुशाल वाच, मला लाज नाही. पण हे हातात पडेल त्या दिवशी निघ. आणि संध्याकाळी घरी थांब. देव काय म्हणेल ते नंतर बघू, मी सांगेन त्याला.

प्रिस्काकाकी


चंदनसार
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय व्हिव्हियन,

शांती असो. तुला लिहायला मी फार दिवस घेतले, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

तुझ्या काकींचं पत्र शुक्रवारीच ऑफिसात आलं होतं. रीतीप्रमाणे ते सोमवारपर्यंत तिथंच पडून राहिलं. ती रीत माझी होती. वीस वर्षांपूर्वी मी स्वतः विद्यार्थी असताना घरची पत्रं लपवून वाचायचो आणि मनात कुढायचो. कोणी एकट्याने कुढू नये म्हणून मी ती सुरू केली. आणि तू उभा राहून वाचत होतास, 'त्या दिवशी निघ' या शब्दांपाशी थांबलास, तेव्हा मला वाटलं अक्षर लागत नाही. मी म्हणालो, पुढे वाच. ते मी म्हणालो हे माझ्या डोक्यातून जात नाही.

पत्रवाचन आता बंद केलं आहे. ज्याचं पत्र त्याच्या हातात जातं. तुझ्या आईच्या बाबतीत याचा उपयोग नाही, हे मला समजतं.

त्या दिवशी तुला स्कूटरवरून भुईगावला नेलं तेव्हा मी बाहेर ओट्यावरच बसलो. आतून प्रार्थनेचे आवाज येत होते, मग ते थांबले. आत काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. पण तू वेळेवर पोचलास, तिच्याजवळ बसलास, तिने तुला डोळे भरून पाहिलं. एवढ्याचं तरी समाधान मान.

मितेशने तुझी गादी गुंडाळून ठेवली आहे. तुझ्या जागी दुसऱ्याला येऊ देत नाही. परीक्षेचं मी बघून घेईन. परत ये.

तुझा,
जयवंत सर


भुईगाव
१४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सर,

सलाम.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. काकीला माहीत आहे, तिने सगळं पाहिलं.

आय भिंतीला उशा लावून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास येत नव्हता. मला बघून तिने हात पुढे केला, मी पलंगावर तिच्यासमोर बसलो. पाय बघितले. चादरीखाली ते कोणा दुसऱ्याचे वाटत होते. तिने काही विचारलं नाही, उशीर का केलास एवढंसुद्धा नाही. बायका गुडघ्यावर बसल्या. काकीने पुढचा अर्धा म्हटला, आणि आय माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

सर, तेव्हा मला आपला वर्ग आठवला. म्हटलं तर देवाशी खोटं. नाही म्हटलं तर ही माझ्यासमोर अशी बसलेली. मग मला वाटलं दोन्ही जमेल. मी ओठ हलवले. आवाज काढला नाही, आणि त्या प्रार्थनेचे शब्दही घेतले नाहीत. आपण रोज हजेरीला जुन्या करारातल्या पुस्तकांची नावं ओळीने म्हणतो ना, ती मनातल्या मनात म्हणत ओठ हलवत राहिलो. उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना. देवाशी खोटं बोललो नाही आणि आयही खूश, असं मला वाटलं. स्वतःला मी हुशार समजलो.

पहिल्या वेळी ती हसली. किती दिवसांनी हसली, असं काकी मागून म्हणाली. दुसऱ्या वेळी तिने नीट पाहिलं. मी यहोशवापर्यंत आलो होतो. ऐकू येईनासं झाल्यापासून ती माणसांच्या ओठांवरच जगत होती, सर. मला हे लहानपणापासून माहीत होतं. आणि ती प्रार्थना तर तिने स्वतः मला मांडीवर बसवून, ओठांना बोट लावून शिकवली होती. तिसऱ्या वेळी तिचं हसू गेलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने तळहात माझ्या तोंडावर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे, पोरा." मग मागचा अर्धा ती स्वतः म्हणायला लागली. एक शब्द, श्वास, पुन्हा एक शब्द. बायका गप्प झाल्या, तो आवाज थांबला तो तुम्ही ऐकलात. 'आमच्या मरणाच्या वेळी' एवढं म्हणायला तिला तीनदा थांबावं लागलं. काकी म्हणाली, बायजे, पुरे, आम्ही म्हणतो. तिने नको म्हणून मान हलवली. पुढची नमो मारिया आली, तिचाही मागचा अर्धा तिनेच म्हटला. माझा हात तिच्या हातात होता. माझ्या वाट्याचं ती म्हणत होती आणि मी तिथं बसून बघत होतो. मला शब्द येत होते, सर. तेव्हासुद्धा म्हणता आले असते. पण इतकं झाल्यावर आता कुठल्या तोंडाने म्हणू, असं वाटलं, आणि तेवढ्यात तिचा श्वास संपला. ती पुन्हा बोलली नाही. सकाळी गेली.

तुम्ही लिहिता, तिने तुला पाहिलं त्याचं समाधान मान. तिने पाहिलं, तेच तर झालं.

मी परत येणार नाही. तुमच्यावर राग नाही. डॉक्टरचं तुम्हीच विचारलं होतं आणि मी सगळ्यांना हसवलं होतं. मितेशला सांगा, गादी दुसऱ्याला दे. त्याला आय घरी बोलवत होती, मी त्याला कधी आणलं नाही.

इथंही मला जागा नाही. मृतांच्या सणाला गाव मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत गेलं. मी फाटकापाशी उभा राहून परत आलो. मृतांसाठी प्रार्थना करायची नाही असं मीच सगळ्यांना सांगत फिरलो होतो. आणि तुम्ही शिकवलेली, आपल्या शब्दांत करायची प्रार्थना करायला बसलो की माझ्या तोंडावर तिचा हात येतो.

काकी रोज दिवेलागणीला येते. मला काही बोलत नाही, जेवण झाकून ठेवते. मग आयच्या पलंगाशी बसून पुढचा अर्धा म्हणते आणि थांबते. मी तोंड उघडतो, पण आता ते कोणासाठी म्हणायचं आणि कोण ऐकणार हे मला कळत नाही. ती थोडा वेळ वाट बघते आणि मग मागचाही तीच म्हणते.

व्हिव्हियन